इंदूरच्या उन्हाधुळीत हेडलाइटला पीयू फिल्म: घरी लावायची तर हा क्रम धरा

कडा दोन महिन्यांत सुटल्या, मधोमध पांढरट ठिपके राहिले, रात्री उजेड फाटल्यासारखा पडतो. सुदामानगर, लोकमान्यनगर भागातली ओळखीची मंडळी हेडलाइटच्या काचेवर संरक्षणासाठी घरी चिकटवलेली पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) फिल्म दाखवायला गाडी घेऊन येतात तेव्हा याच तीन तक्रारी असतात. फिल्मच वाईट निघाली असं त्यात क्वचितच दिसतं. काच नीट साफ न करता काम सुरू झालेलं असतं, नाहीतर साबणाचं पाणी मारायच्या वेळी अल्कोहोलचं मारलेलं असतं, नाहीतर गाडी उन्हात तापलेली असते. तीनशे-चारशे रुपयांचा तुकडा वाया गेल्याचं एवढं काही नाही, पण घाईत काचेवर ब्लेड फिरलं तर तो ओरखडा कायमचा राहतो.

दोन्ही हेडलाइटसाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवा. त्यात फिल्म प्रत्यक्ष बसवायला प्रत्येकी अर्धा-पाऊण तास लागतो. बाकीचा वेळ तयारीचा आहे, आणि तो कापायचा नाही. शिवाय एक माणूस मदतीला हवाच. एकट्याने करू नका.

१. काचेची अवस्था आधी ओळखा

आपण काच म्हणतो, पण आजच्या गाड्यांच्या हेडलाइटचं झाकण पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं असतं. त्यावर कारखान्यातच एक पातळ कोटिंग दिलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांना तेच अडवतं. ते झिजलं की खालचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं.

काचेवर पाणी मारा आणि ओली असतानाच बघा.

ओली झाल्यावर धुरकटपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर खराबी वरच्या थरात आहे. ती घासून निघेल. ओली असतानाही धुरकट दिसली, तर खराबी आतल्या बाजूला आहे किंवा प्लास्टिकमध्येच बारीक तडे गेले आहेत. त्यावर फिल्म लावून काही उपयोग नाही. आत वाफ धरत असेल तर आधी सील दुरुस्त करून घ्या. फिल्म बाहेरून लागते, आतल्या वाफेचं ती काही करू शकत नाही.

काच नवी आणि नितळ असेल तर उत्तम. अशा काचेला पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. "जरा घासून घेतलं की फिल्म चांगली धरेल" हा समज मी फार लोकांकडून ऐकला आहे. घासलं की चांगलं असलेलं कोटिंग तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता.

इशारा: पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही या काचेला लावू नका. पॉलिकार्बोनेटला त्यांनी कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, आणि ते कशानेही जात नाहीत.

२. सामान

फिल्म टीपीयूचीच (म्हणजे ताणली जाणाऱ्या पीयू प्लास्टिकचीच) घ्या, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज येईल. दुकानात पीव्हीसीची फिल्मही "पीपीएफ" (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणून हातात ठेवतात. ओळखायला सोपं आहे: कोपऱ्याचा बोटभर तुकडा मागून घ्या आणि दोन्ही हातांनी ताणून सोडा. टीपीयू हळूहळू मूळ आकारावर येतो. पीव्हीसी ताणलेलाच राहतो किंवा ताणलेल्या जागी पांढरट पडतो. काळपट किंवा पिवळी फिल्म घेऊच नका. खंडवा रोडच्या घाटात रात्री उतरताना जेवढा उजेड मिळेल तेवढा हवा असतो, तो पैसे देऊन कमी करण्यात अर्थ नाही.

बाकी यादी:

- दोन स्प्रे बाटल्या, त्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहिलेली
- बेबी शांपू, सुगंधी तेलं आणि कंडिशनर नसलेला
- आयसोप्रोपिल अल्कोहोल
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, तीन-चार लिटर
- मऊ रबरी स्क्वीजी (फिल्मखालचं पाणी दाबून काढायची पट्टी) आणि एक जरा कडक प्लास्टिकची
- चार-पाच नवी मायक्रोफायबर फडकी
- क्ले बार (काचेला चिकटलेली घाण उचलणारी मळलेल्या मातीसारखी वडी)
- मास्किंग टेप, मार्कर, नव्या ब्लेडचा कटर
- हेअर ड्रायर किंवा हीट गन
- जुन्या एक्स-रे फिल्मच्या दोन बोटं रुंद पट्ट्या (कशाला ते पुढे येईल)

सियागंजात एक चक्कर मारली तर यातलं बरंचसं मिळून जातं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मात्र कंजुषी नको. बोरिंगचं पाणी वाळलं की बादलीच्या काठावर जो पांढरा थर धरतो, तोच थर फिल्मच्या आत ठिपके होऊन बसतो, आणि तिथे फडकं पोचत नाही. गाडी धुवायला नळाचं किंवा बोरिंगचं पाणी चालेल. शेवटच्या पुसण्यापासून पुढे सगळं डिस्टिल्ड.

३. जागा आणि वेळ

बंद पोर्च किंवा गॅरेज हवं. साधारण २० ते २८ अंशांत काम सर्वांत सोपं जातं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीची सकाळ इंदूरला यासाठी छान. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला फिल्म पुठ्ठ्यासारखी ताठ असते, तेव्हा अकरानंतर बसा. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर उजाडता सुरू करून नऊच्या आत चिकटवण्याचं काम उरका.

माझी पहिली फिल्म मे महिन्यातच गेली. दुपारी दोनला, सावलीत का होईना, पण तासाभरापूर्वीच रस्त्यावरून आणलेली गाडी होती. फवारलेलं पाणी काचेवर पसरेपर्यंत कडेने वाळत होतं. फिल्म मधे सरकत होती आणि दोन्ही टोकांना धरून बसली होती. तिला ओढायला गेलो तर गोंदाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. तेव्हापासून काचेवर तळहात ठेवून बघतो. हाताला कोमट लागली तरी थांबतो.

काम सुरू करण्याआधी फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवा. पंखा बंद. हेडलाइट आदल्या तासाभरात लागलेले नसावेत. अंगात लोकरीचा स्वेटर नको, त्याचे तंतू नेमके गोंदावर जाऊन बसतात.

रंगपंचमीच्या आठवड्यात हे काम काढू नका. गेरमधला (रंगपंचमीच्या मिरवणुकीतला) रंग आठवडाभर हवेत आणि रस्त्यावर असतो, आणि ताज्या कडेला तो लागला की गुलाबी रेघ कायमची राहते.

४. धुणं आणि क्ले

पूर्ण तोंड धुवा: हेडलाइट, बंपरची वरची कड, बॉनेटची आतली कड. नुसती काच धुतली तर फटीतली माती स्क्वीजीच्या पाण्याबरोबर बाहेर येते आणि फिल्मखाली जाते. बॉनेट उघडा, जुना टूथब्रश घेऊन काच आणि फेंडर यांच्यामधली फट साफ करा. शेवटी तिथे भरपूर पाणी मारा.

आता काचेवर शांपूचं पाणी फवारून क्ले बार फिरवा. जोर लावायचा नाही. सुरुवातीला हाताला खरखर जाणवते, कानालाही ऐकू येते. हायवेवरचे किडे, डांबराचे थेंब, ब्रेकची लोखंडी धूळ निघत जाते तशी खरखर थांबते आणि क्ले लोण्यासारखी सरकायला लागते. ती खाली पडली तर फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा सगळ्या काचेवर रेघा ओढेल.

तपासणी: पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटांची टोकं काचेवरून फिरवा. उघड्या बोटांना न कळणारे कण पिशवीतून कळतात.

५. घासणं, पण गरज असेल तरच

काच पिवळी किंवा पापुद्रे सुटलेली असेल तरच हा टप्पा. कडेने आधी बॉनेट, फेंडर आणि बंपरच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर; आकडा जितका मोठा तितका बारीक) १०००, १५००, २००० आणि ३००० या क्रमाने. कोटिंगचे पापुद्रे सुटत असतील तर ८०० पासून. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा, काच सतत ओली ठेवा. एक पेपर आडवा चालवला तर पुढचा उभा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाहीत ते दिसतं.

पहिल्या पेपरला सगळ्यांत जास्त वेळ द्या. सुरुवातीला पिवळट, ताकासारखा गाळ येतो. तो पिवळेपणा जाऊन गाळ पांढरा येऊ लागला आणि काच सगळीकडे सारखी मॅट दिसली की जुनं कोटिंग पूर्ण निघालं. मधेच थांबलात तर अर्ध्या निघालेल्या कोटिंगची नकाशासारखी कड राहते, आणि फिल्मखालून ती अजून ठळक दिसते. लोक इथेच कंटाळतात आणि पुढचा पेपर घेतात.

३००० नंतर कंपाउंडने पॉलिश करा. पॉलिशमध्ये तेल असतं, त्यामुळे पुढचं पुसणं दुप्पट काळजीने. आणि घासलेली काच तशीच ठेवून "फिल्म पुढच्या रविवारी" असं करू नका. तिला आता उन्हापासून काहीच संरक्षण उरलेलं नाही. शक्यतो त्याच दिवशी फिल्म लावा.

६. दोन बाटल्या, दोन कामं

पहिली बाटली *सरकवायची*: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शांपूचे पाच-सहा थेंब. दोन बोटांत चोळल्यावर निसटतं वाटलं पाहिजे, फेस यायला नको. फेस आला तर पाणी वाढवा.

दुसरी बाटली *धरवायची*: चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे पाणी शांपू धुऊन काढतं आणि लवकर उडतं, त्यामुळे गोंद काचेला पकडतो. ते फक्त फिल्म जागेवर आल्यानंतर आणि जिथे ती पकडायला हवी तिथेच वापरायचं. सुरुवातीलाच सगळीकडे मारलं तर फिल्म वाकडी पडली तरी हलणार नाही.

तेल काढण्यासाठी अर्धं अल्कोहोल आणि अर्धं पाणी असं तिसरं मिश्रण वाटीभर पुरतं. ते फडक्यावर घेऊन काच दोनदा पुसा, प्रत्येक वेळी नवं फडकं.

इशारा: अल्कोहोल पेट घेतं. त्याची बाटली उघडी असताना हीट गन लावू नका, आणि शेजारी कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा.

७. माप आणि कापणं

काचेच्या सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत उंच भागाचं माप घ्या, चारही बाजूंना पाच सेंटीमीटर जास्त धरा. हे जास्तीचं हातात धरायला आणि ताणायला लागतं. मापाचा काटेकोर तुकडा कापणाऱ्यांची फिल्म शेवटी एका कोपऱ्यात कमी पडते, कारण काचेची गोलाई कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त असते. डावा-उजवा तुकडा एकमेकांचं प्रतिबिंब असतात. कापण्याआधी मागच्या कागदावर डा. आणि उ. लिहा.

काही फिल्मना वरूनही एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो. कोणती बाजू गोंदाची ते आधी कोपऱ्यात बघून ठेवा: कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेपचे तुकडे चिकटवा आणि विरुद्ध दिशेला ओढा.

८. फिल्म बसवणं

हात शांपूच्या पाण्याने ओले करा. कोरडं बोट गोंदाला लागलं की ठसा उमटतो आणि तो जात नाही.

मदतनीस दोन कोपरे धरेल, तुम्ही कागद सोडवाल. कागद जसजसा सुटेल तसतसं उघड्या गोंदावर लगेच फवारायचं. माझा भाचा पहिल्यांदा धरायला उभा राहिला तेव्हा कागद निम्मा सुटल्यावर म्हणाला, "मामा, सोडू का?" मी म्हटलं, "अजून नाही, आधी पाणी मार." तेवढ्यात त्याच्या बाजूचा कोपरा लोंबून स्वतःलाच चिकटला. असं झालं तर ओढाताण करू नका. दोन्ही थरांच्या मधे भरपूर फवारा आणि पाणी आत शिरेल तसं सावकाश सोडवा. टीपीयू बऱ्याचदा वाचतो. आमचा वाचला.

आता काच पुन्हा एकदा फवारा, इतकी की पाणी खाली ओघळलं पाहिजे. फिल्म अलगद ठेवा आणि सरकवून मधोमध आणा. वरून फिल्मवरही फवारा, नाहीतर स्क्वीजी अडकेल.

क्रम असा:

१. काचेच्या सगळ्यांत सपाट भागात, साधारण मधोमध, हातभर नव्हे, चार बोटं रुंद पट्टा स्क्वीजीने दाबा. तिथलं पाणी निघालं की फिल्म तिथे टेकते. हा तुमचा खुंटा.

२. खुंट्यापासून ग्रिलच्या बाजूला जा. प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढलेली हवी, आणि नेहमी मधून कडेकडे. उलट दिशेला एकही ओढ नको.

३. मग फेंडरच्या बाजूचं टोक. काच इथेच सर्वांत जास्त वळते आणि फिल्मला पन्हळी पडतात. दाबून त्या मोडायचा प्रयत्न करू नका. फिल्म कडेपासून उचला, खाली पुन्हा शांपूचं पाणी मारा, ड्रायरने कोमट करा आणि मदतनिसाला काचेच्या रेषेतच, बाहेरच्या दिशेला ओढायला सांगा. तो ओढून धरेल, तुम्ही स्क्वीजी फिरवा. ताण सगळ्या रुंदीवर वाटला गेला पाहिजे. एकाच कोपऱ्याला जोरात ओढलं तर गोंदात रेघा पडतात आणि रात्री समोरून येणाऱ्याला उजेड फुटलेला दिसतो.

४. ताणलेलं टोक जागेवर आलं की फक्त त्या कडेखाली दुसऱ्या बाटलीचं पाणी मारा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग दाबा. आता ते परत जाणार नाही.

५. वरची आणि खालची कड शेवटी. जास्तीच्या भागात पन्हळी पडत असतील तर काचेच्या बाहेरच्या भागात कात्रीने छोटे काप द्या. काप काचेच्या कडेपर्यंत आणू नका. ताणल्यावर तो आत धावतो.

काचेवर कोरलेली बारीक अक्षरं किंवा गोलातलं ई चिन्ह असेल तर त्याच्याभोवती पाणी साचतं. तिथे अंगठ्यावर फडकं गुंडाळून, थोडी ऊब देऊन दाबा. अक्षरांना लागून केसाएवढा बुडबुडा राहिला तर राहू द्या.

इशारा: हीट गन वीतभर लांब आणि सतत हलती ठेवा. हात लावून सोसवेल एवढीच फिल्म तापवा. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि वरचं कोटिंग त्याच्या बरंच आधी बिघडतं. एका जागी धरलेली गन हे तापमान सहज गाठते.

तपासणी: काप घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरून बघा. धुळीचा कण असेल तर मधे टणक ठिपका आणि भोवती गोल तंबू दिसतो. आत्ताच फिल्म तेवढी उचलून, पाणी मारून तो वाहून काढा. उद्या जमणार नाही.

९. कडा कापणं

एका दुकानात माझ्या समोर एका काकांच्या गाडीच्या काचेवरच कटर फिरवला गेला होता. फिल्म सुंदर बसली. दोन वर्षांनी काढली तेव्हा काचेच्या सगळ्या कडेने ब्लेडची रेघ होती आणि तिथूनच कोटिंग उखडायला लागलं होतं. काका ती रेघ नखाने पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते.

म्हणून असं करा. काचेच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत फिल्मवर मार्करने रेघ ओढा. कड वीतभर लांबीत उचला, खाली एक्स-रेची पट्टी सरकवा आणि पट्टीवर ब्लेड हलकं चालवून कापा. पट्टी पुढे सरकवा, पुढची वीत. वेळ लागतो, पण ब्लेड काचेला लागत नाही. प्रत्येक हेडलाइटला नवं ब्लेड. बोथट ब्लेड फिल्म कापत नाही, फाडते, आणि फाटलेली कड धूळ पकडते.

फिल्म काचेच्या अगदी टोकापर्यंत नेऊन बंपरला टेकवू नका. बंपर थरथरतो आणि कड रोज थोडी थोडी उचलली जाते. कोपरे टोकदार न ठेवता गोल कापा.

शेवटी सगळ्या कडेला दुसऱ्या बाटलीचं पाणी, मिनिटभर वाट, कोमट ऊब, आणि फडक्यात गुंडाळलेल्या कडक स्क्वीजीने दाब. ही फेरी दोनदा.

१०. पुढचे दिवस

पहिले २४ तास गाडी हलवू नका, निदान हायवेवर नको. ४८ तास पाणी नको. प्रेशर वॉशरला दोन आठवडे दूर ठेवा, आणि नंतरही त्याची धार कडेवर सरळ मारू नका.

दुसऱ्या दिवशी आत दुधाळ डाग दिसले की लोक घाबरून फिल्म उपटतात. ते बहुतेक वेळा अडकलेलं पाणी असतं. बोटाने दाबलं की ते मऊ लागतं आणि इकडेतिकडे सरकतं. टीपीयूमधून ते हळूहळू उडून जातं, थंडीत दोन-तीन आठवडेही लागतात. त्याला हात लावू नका. हवेचा बुडबुडा मात्र उसळून परत येतो. छोटा असेल तर इन्सुलिनच्या सुईने तिरकं टोचा आणि अंगठ्याने हवा बाहेर ढकला. कड उचललेली दिसली तर त्याच दिवशी अल्कोहोलच्या पाण्याने पुसून, ऊब देऊन दाबा. धूळ शिरल्यावर ती पुन्हा चिकटत नाही, तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

पहिल्या रात्री गाडी भिंतीसमोर पाच-सहा मीटरवर उभी करून दोन्ही हेडलाइट लावा. एकेक हाताने झाकून पाळीपाळीने बघा. उजेडाची वरची रेघ दोन्हीकडे सारखी स्पष्ट हवी. एका बाजूला रेघ विस्कटलेली असेल तर तिथे फिल्म जास्त ताणली गेली आहे. महिनाभर वाट पाहून ती सुधारत नाही. तेवढी एक फिल्म काढून नवी लावा.

काढताना फिल्म चांगली कोमट करा, कोपरा उचला आणि काचेला समांतर, जवळजवळ स्वतःवरच दुमडत, सावकाश मागे ओढा. सरळ उपटली तर गोंद काचेवर राहतो आणि कमजोर कोटिंग बरोबर निघून येतं. राहिलेला गोंद अर्ध्या-अर्ध्या अल्कोहोलच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दोन मिनिटं ठेवून पुसा, आणि मग चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा.